दिवसाला दोन पिक्चर

शांतारामला झटका आला तेव्हा सुमंगला अंगणवाडीत पोरांना उसळ वाढत होती. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. तीन आठवडे हॉस्पिटलात काढून ती त्याला कारापूरच्या घरी घेऊन आली, तेव्हा त्याच्या हुकमात उरला होता तो डावा हात. त्या हातानं बोलायचं कसं, ते दोघांनी ठरवून घेतलं. अंगठा वर केला की हय, पंजा पसरला की ना.

"तहान लागली?" अंगठा.

"पेज घेता?" पंजा.

एवढ्यावर संसार पुन्हा सुरू झाला.

पूर्वी हा माणूस बोलायला लागला की समोरच्याचा चहा थंड व्हायचा. शिरगावच्या खाणीवर तो ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर शाळेची बस चालवू लागला. एका लुकड्या, लांब मानेच्या विनोदी नटाचा त्याला भारी नाद. त्याला तो 'लांबमान्या' म्हणायचा. माल भरायला ट्रकांची रांग लागली की लांबमान्याचा कुठला पिक्चर एक नंबरचा यावर तो शेजारच्या धाकूशी तासतासभर भांडायचा. धाकूही ट्रकवालाच.

म्हणूनच मुलगा गौरेश होळीच्या, शिगम्याच्या सुट्टीत पेनड्राइव्ह घेऊन आला, तेव्हा सुमंगलेला वाटलं, देवच पावला. गौरेश वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात होता. त्यानं मोबाइलवर शोधून या नटाचे सर्वांत गाजलेले दहा पिक्चर भरून आणले होते. पहिला लावला, आणि रस्त्यावर उघडणाऱ्या जनेलाजवळच्या खाटेवर पडलेला शांताराम खो खो हसायला लागला. झटक्यानंतर त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला मोठा आवाज. मायलेक एकमेकांकडे बघून रडली.

तेव्हापासून सकाळी नऊला अंगणवाडीत जाताना सुमंगला एक पिक्चर लावून जायची. एकला परत येईस्तोवर तो संपून पुन्हा चालू झालेला असायचा. शांतारामचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. शेजारणी म्हणायच्या, "तुझा घोव मजेत आसा गे!" तीही सांगत सुटायची, "आज न्हाव्याचा लावलाय. काल भुताचा होता."

मग वाड्यावरच्या बायकांनी गणपतीच्या चवथीसाठी फुगडीचं पथक काढलं. सरावाची वेळ चार ते सहा. सुमंगला आधी नको म्हणाली. मग म्हणाली, तासभर येते. मग चार वाजले की तीच सगळ्यांच्या आधी देवळाच्या मंडपात हजर. जाताना दुसरा पिक्चर लावायचा. तिथं गिरक्या घेताना तिला आपण बावन्न वर्षांच्या आहोत, घरी खाटेवर माणूस आहे, हे आठवायचंसुद्धा नाही. साखळी गावच्या स्पर्धेत पथकाला दुसरा नंबर मिळाला. चवथ झाली, तरी बायकांचं चारला जमणं काही थांबलं नाही. तिचंही नाही.

श्रावणात एकदा ती छत्री विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतली होती. शांताराम हसत होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. उशी भिजली होती. "हसून हसून डोळ्यांत पाणी आलं ना?" म्हणत तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले. त्यानं पंजा पसरला होता. तिनं तो बघितला. बाहेर बायका हाक मारत होत्या. तिनं आवाज थोडा वाढवला, छत्री घेतली आणि निघाली.

दिवाळीनंतर आरोग्य केंद्रातून व्यायाम करून घ्यायला गौरवी नावाची मुलगी येऊ लागली. दर मंगळवारी यायची. एक मंगळवार चुकला. पुढच्या खेपेला तिनं आल्या आल्या टीव्ही बंद केला, शांतारामचा उजवा हात हातात घेतला आणि म्हणाली, "काका, गेल्या वेळी आले नाही. गावी, पार्शाला, आमची आजी वारली."

शांताराम मोठ्यानं हसला. थांबेचना.

सुमंगलेला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "बाय, राग धरू नको. पिक्चर बघून बघून सवय लागली त्यांना."

गौरवीनं हात सोडला नाही. "काका, हे हसू आपसूक येतं? तुम्ही आणत नाही?"

अंगठा.

"वाईट वाटलं तरी येतं?"

अंगठा. तोंड अजून हसतच होतं.

"काही जणांना झटक्यानंतर असं होतं, काकी," गौरवी म्हणाली. "हसणं-रडणं हाताबाहेर जातं. यावर औषध आहे, डॉक्टरांशी बोला. हसले म्हणजे मजेत आहेत, असं धरून नका चालू. विचारत जा."

ती गेल्यावर सुमंगला लाकडी कदेल खाटेजवळ ओढून त्यावर बसली. तहान विचारली होती, भूक विचारली होती, लघवी विचारली होती. हे एकदाही विचारलं नव्हतं.

"अवो, हे पिक्चर नको झालेत तुम्हाला?"

अंगठा झटकन वर गेला.

"दिवाळीपासून?" अंगठा वरच.

"दसऱ्यापासून?" वरच.

"चवथीच्या आधीपासून?"

अंगठा खाली आला नाही. त्यापुढचा, श्रावणाचा प्रश्न तिच्या जिभेवर आला आणि तिथंच राहिला. दिवसाला दोन. तेच दहा. खाटेवर पडलेला माणूस, रिमोट त्याचा हात पोचणार नाही असा टीव्हीच्या मेजावर, आणि बाहेर बायको सांगतेय, मजेत आहे.

त्या दिवशी चारला बायकांनी हाक मारली, तेव्हा तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मग शांतारामचे पाय चेपता चेपता एकदम बोलायला लागली.

"अंगणवाडीला जावंच लागतं. फुगडीला नव्हतं जावं लागत. मला घराबाहेर पडायचं होतं. तुम्ही हसताय म्हटलं की पाय उचलायला सोपं व्हायचं. श्रावणात तुम्ही हात पसरला तो मी बघितला होता. बघितला नाही असं केलं."

शांताराम तिच्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला. ते हसू कुठलं, तिला कळेना. विचारायचाही धीर होईना. थोड्या वेळानं त्यानं हात हलवला. तिला वाटलं, आता काहीतरी सांगणार. त्याला लघवीचं भांडं हवं होतं.

संध्याकाळी तिनं गौरेशला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, लिस्ट माझी होती. बाबांना मीही विचारलं नाही."

"तू आठवड्याला एकदा येतोस, पुता. मी रोज होते."

डॉक्टरांनी औषध सुरू केलं. हसणं कमी झालं, पुरतं गेलं नाही. सकाळी दोन तास धाकू येऊन बसू लागला. तो एकटाच बोलतो, खाणीवरच्या जुन्या गोष्टी सांगतो, आणि मुद्दाम खोटं सांगितलं की शांताराम रागानं पंजा आपटतो. धाकूनंच एकदा सुमंगलेला सांगितलं, "त्याचा एक नंबरचा पिक्चर त्या दहांत नव्हताच वहिनी. लोकांना आवडला नव्हता तो. त्यात शेवटी हसायला काही नाही." आणू का म्हणून तिनं शांतारामला विचारलं. त्यानं बराच विचार केला आणि पंजा पसरला.

सराव तिनं महिनाभर बंद ठेवला. मग एका गुरुवारी तिनं साडीचा पदर खोचला, दारापर्यंत गेली आणि मागे फिरली. "आज जाऊ?"

शांतारामनं पंजा पसरला.

तिला राग आला. चांगलाच आला. तरी पदर सोडून ती कदेलावर येऊन बसली, आणि मग कितीतरी वेळ दोघंही एकमेकांकडे न बघता जनेलातून रस्ता बघत राहिली.