सात नंबरची विहीर, खालून

भुताखेतांच्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांपैकी मी. केळव्याला आमची वाडी आहे. नारळीखाली काय-काय दिसतं ते डोळे मोठे करून सांगणारे लहानपणापासून पुष्कळ भेटले. मला पडलेल्या झावळीशिवाय कधी काही दिसलं नाही! त्यात गणिताची एम.एस्सी. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण लाजेचं खरं कारण भूत नाही.

बोईसरला एका छोट्या कन्सल्टन्सीत मी सहा वर्षं ग्राफ काढायचे. कारखान्यांसाठी पाण्याचे रिपोर्ट बनायचे, त्यातली चित्रं माझी. थ्री-डी ग्राफ म्हणजे स्क्रीनवर पसरलेली एक डोंगराळ चादर. जिथे पाणी जास्त खराब, तिथे उंच डोंगर. ही चादर माऊसने हवी तशी फिरवता येते. दोनच आकडे असतात — कॅमेरा कुठल्या दिशेला उभा आहे तो एक, आणि किती उंचावरून, म्हणजे किती अंशांच्या कोनातून, बघतोय तो दुसरा.

एखादा डोंगर पार्टीला, म्हणजे कारखानावाल्याला, नको असला की आमचे सर म्हणायचे, "मॅडम, आकड्यांना हात लावायचा नाही हं. खोटं काही करायचं नाही. फक्त जरा तोंड फिरवा." मग मी ग्राफ असा फिरवायचे की नको असलेला डोंगर दुसऱ्या डोंगराच्या मागे जायचा. स्थळाला पाठवायच्या फोटोत मुलीचा डाग असलेला गाल पलीकडे करतात ना, तसं. सहा वर्षं हेच केलं, आणि वर शेजारच्या टेबलावरच्या शर्वरीलाही शिकवलं. आता आठवलं की माझीच मला किळस येते.

पाम आणि बेटेगावच्या मधल्या एका पाड्याचं काम आलं होतं. नाव सांगत नाही. नऊ विहिरी. त्यातल्या सात नंबरच्या विहिरीचा आकडा इतका घाण, की ते पाणी गुरांनाही पाजू नये. लॅबचा तो कागद तीन महिने माझ्याच फाइलमध्ये पडून होता. मग एकदम रिपोर्टची घाई सुटली.

भर दुपारी, डबा खाऊन झाल्यावर मी सातचा डोंगर चारच्या मागे लपवला आणि सेव्ह केलं. पीडीएफ उघडली तर ग्राफ खालून बघितलेला! दिशा नैर्ऋत्य, उंची उणे चाळीस. उणे म्हणजे कॅमेरा जमिनीच्या पोटात शिरून वर बघतोय. वाटलं, माऊस सटकला असेल. पुन्हा नीट लावलं. पुन्हा तेच. सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, शर्वरीच्या मशीनवर नवी फाइल केली... नैर्ऋत्य, उणे चाळीस. पाच वेळा. आणि रंग मी निळा-हिरवा दिलेला असताना चादरीची खालची बाजू तपकिरी-पिवळी, ओलसर दिसत होती.

मग वास आला. सडक्या अंड्यांवर नेलपॉलिश काढायचं लिक्विड ओतावं तसा.

"शी! कुणाचा डबा सडलाय का?" शर्वरी नाकाला ओढणी लावून ओरडली. म्हणजे मला एकटीलाच भास झाला असं म्हणायचीही सोय नाही. स्क्रीनजवळ गेलं की वास वाढायचा. मी बेसिनवर जाऊन खाल्लेलं सगळं ओकले.

सर आत आले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हे काय भलतंच? उद्या द्यायचाय रिपोर्ट. तोंड फिरवा!" मी पर्स उचलली आणि स्कूटीवरून थेट त्या पाड्यावर गेले. कशाला, ते विचारू नका. डोकं फिरलं होतं.

सात नंबरच्या विहिरीत वाकून बघितलं. नितळ पाणी, बाकी काही नाही. पाणी शेंदताना उभं राहायला काँक्रीटची एक फळी आत आलेली, खाली दगडी बांधकाम.

"वरना काय दिसल?" मागून आवाज आला. शेजारच्याच घरातल्या, साठीच्या बाई. देवकीमावशी. "खाली उतर. वास मारतं तं तिथनाच मारतं."

पायऱ्या होत्या. शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी राहून मी मान वर केली. समोरच्या फळीखाली, दगडांच्या फटीत एक पाइप. त्यातून तपकिरी-पिवळं काहीतरी शेंबडासारखं ओघळत पाण्यात उतरत होतं. तोच रंग, तोच वास. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून बघितलं — मी उभी होते ती विहिरीची नैर्ऋत्य बाजू. वर बघण्याचा कोन चाळीस. दुसरीकडून कुठूनही तो पाइप दिसत नाही, मी नंतर सगळ्या बाजूंनी बघितलं.

वर आले. मावशींनी ओट्यावर बसवलं आणि आल्यागेल्याला देतात तसं पाणी आणलं. घासून लख्ख केलेला स्टीलचा ग्लास. पाणी सातचंच.

माझा हात पुढे होईना.

त्यांनी ग्लास थोडा वेळ तसाच धरला. मग चेहरा उतरला. "आमचे हातचा नाय चालत काय, बाय? आदी सांगायचा ना. दुकानातना बाटली आणवली असती."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही हो मावशी, तसलं काही नाही! पाणी खराब आहे. पिऊ नका... कुणीच पिऊ नका."

त्यांनी ग्लासात बघितलं. सुनेला हाक मारून हंडा ओतायला सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. "तुला कवा समजला?"

ती विहीर आता बंद आहे. खालून बघितलेला तो ग्राफ मी आकड्यांसकट ग्रामपंचायतीत नेऊन दिला, नोकरी गेली. पाइप कुणाचा, हे अजून कुणी कबूल करत नाही. ग्राफ का फिरला, विहिरीचा वास ऑफिसात कसा आला, मला खरंच माहीत नाही. सॉफ्टवेअरमधल्या दोन जाणकारांना फाइल पाठवली, त्यांच्याकडे ती सरळ उघडते. तुम्हाला काही सुचलं तर लिहा, माझी अक्कल संपली.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला ठाऊक होतं. "तीन महिने झाले," मी म्हटलं.

त्यांनी अंगणात हंडा ओतणाऱ्या सुनेकडे बघितलं. "तिला पाचवा म्हयना हाय," एवढंच म्हणाल्या.