दोष ड्रायव्हरचा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लॅपटॉपवरचं वाय-फाय नाहीसं झालं. अकराला माझी परीक्षा होती. हिंदी व्हिडिओंखाली मराठी ओळी लिहायचं घरबसल्या काम मिळणार होतं, पण त्याआधी दोन तासांची चाचणी, तीही लॅपटॉपवरच आणि एकदाच. मधे नेट तुटलं की विषय संपला. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा माझं स्वतःचं म्हणता येईल असं काम दाराशी आलं होतं.

लॅपटॉप नणंदेने टाकून दिलेला. विंडोजवर तो इतका रखडायचा की मीच व्हिडिओ बघून बघून ते काढून त्याजागी हलकं, फुकटचं लिनक्स टाकलं. "चालून राहिलं होतं, ते काऊन मोडून राहिली?" असं नवऱ्याने तेव्हाच विचारलं होतं. म्हणजे काही बिघडलं की खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार ते ठरलेलं. नशीब, तो त्या दिवशी भंडाऱ्याला गेला होता.

दोन दिवसांपूर्वी मी सगळे अपडेट टाकले होते. त्यानेच ड्रायव्हर बिघडला असं मी धरून चालले. ड्रायव्हर म्हणजे वाय-फायच्या कार्डाला चालवणारा प्रोग्राम. तो बिघडला की कार्ड असून नसल्यासारखं. मोबाइल वायरीने जोडून कसंबसं नेट घेतलं, पण वायर अशी सैल की जरा हात लागला की गेलं. तेवढ्यावर ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला, लॅपटॉप चार वेळा बंद-चालू केला. काही नाही. साडेनऊ झाले.

मला काम करताना मोठ्याने बोलायची खोड आहे. "सगळा दोष ड्रायव्हरचा," मी म्हणाले. "याच्या भरवशावर बसले हेच चुकलं. काढून फेकते आता याला!"

ओसरीत कप आपटल्याचा आवाज आला.

तिथे मामाजी, म्हणजे माझे सासरे, चहा पीत बसले होते. सारी उमर त्यांनी नागपूर-रायपूर रस्त्यावर ट्रक चालवला. ते दारात येऊन उभे राहिले. "का केलं व मी तुह्यं? एवढी वर्सं गाडी चालवली, कोणाची बकरी नाही मारली."

"तुम्ही नाही हो मामाजी, लॅपटॉपमधला ड्रायव्हर!"

"लॅपटॉपमंधी ड्रायव्हर कायले बसंल?" असं म्हणत त्यांनी चपला घातल्या आणि ते कोहमाऱ्याच्या नाक्यावर, धाब्याकडे निघून गेले. मला फार वाईट वाटलं, पण मागे धावायला वेळ नव्हता.

सव्वादहाला कोणा भल्या माणसाने लिहून ठेवलेला सल्ला सापडला: ड्रायव्हरला हात लावण्याआधी वाय-फाय कुठे अडवलेलं तर नाही ना, ते बघा. त्याने दिलेली कमांड टाकली. उत्तर आलं, हार्ड ब्लॉक्ड, येस. म्हणजे ड्रायव्हर ठणठणीत होता आणि बाहेरचं बटन बंद होतं. या लॅपटॉपला असं काही बटन आहे हेच मला माहीत नव्हतं! उलटापालटा करून पाहिला. पुढच्या कडेला नखाएवढी सरकपट्टी होती आणि तिच्या खाचेत वाळलेलं कुंकू.

मग आठवलं. ट्रक केव्हाच विकला, तरी मामाजी दर दसऱ्याला जॅक, पाने आणि टायर काढायची टामी धुऊन पूजेला मांडतात. यंदा त्यांच्या मधोमध माझा लॅपटॉप होता. पाणी जाईल या भीतीने मी तो धावत जाऊन उचलला होता, पण तोवर मामाजींचा अंगठ्याने टिळा ओढून झाला होता. त्या अंगठ्यानेच पट्टी सरकली. शेवटी दोष ड्रायव्हरचाच निघाला!

सेफ्टी पिनने कुंकू खरवडलं, पट्टी सरकवली आणि वाय-फाय आलं. मी रडले, खोटं कशाला सांगू. मग तोंड धुऊन परीक्षेला बसले.

एक वाजता बाहेर आले तर मामाजी ओसरीत परतलेले. "झाला का पेपर?"

"झाला. चांगला गेला."

"अन् तो ड्रायव्हर?"

"त्याची काही चूक नव्हती, मामाजी. बटन बंद पडलं होतं."

"मी का म्हणत होतो? काई झालं का लोकं ड्रायव्हरलेच धरतेत."

ते खूश झाले. मग मी विचारलं, "काल माझा लॅपटॉप पूजेत काऊन मांडला होता?"

"त का? तू कामाले लागून राहिली ना आता. हत्यार आहे ते तुह्यं. हत्यार पूजेत नाही ठेवाचं त कोठी ठेवाचं?"

काम अजून मिळायचं होतं. मला स्वतःलाही ते मिळेल असं वाटत नव्हतं, आणि या माणसाने चाचणीच्या आधीच मला कामाला लावून टाकलं होतं.

काम मिळालं. पुढच्या दसऱ्याला लॅपटॉप मीच नेऊन टामीशेजारी ठेवला. फक्त आधी त्या सरकपट्टीवर चिकटपट्टी लावली, आणि ती कशासाठी ते मामाजींना सांगितलं नाही.