मानाचं लुगडं

केजच्या बाजारात माझं कापडाचं दुकान आहे. गादी, तिच्यावर पांढरी चादर, मागे फळ्यांवर माल. मध्यंतरी व्यापारी मंडळाच्या सभेत मला बोलायला उभं केलं होतं. मोठ्या कंपन्यांच्या दुकानांपुढं आपण छोटे कसे टिकणार, हा विषय. मी भरपूर बोललो. म्हणालो, त्यांच्याकडं काच आहे, गार हवा आहे, दारात सलाम ठोकणारा माणूस आहे. पण समोर कोण उभं आहे हे त्यांना कळत नाही. आपल्या गादीवर पहिला प्रश्न भावाचा नसतो. ‘नेसणार कोण?’ हा असतो. नेसणारी म्हातारी की तरणी, रानात राबणारी की सावलीत बसणारी, नवरा आहे की गेला, एवढं कळल्याशिवाय आपला हात फळीकडं जात नाही. शिवाय घरी जाऊन पटलं नाही तर माणूस बिनदिक्कत परत येतो. टाळ्या पडल्या. खांद्यावर शाल घातली. ती माझ्याच दुकानातून नेलेली होती आणि त्यातल्या त्यात स्वस्तातली होती.

पुढं लवकरच मुलीचं लग्न जमलं. सोयरीक घाटनांदूरची. सगळा बस्ता घरच्या दुकानातला, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न एकाच कापडाचा होता. नवरदेवाची आजी घरात सगळ्यांत थोरली, आजोबाही अजून खुटखुटीत. मांडवात मानाचं पहिलं लुगडं तिच्या मांडीवर पडणार आणि चार गावचे पाहुणे ते बघणार. बायको म्हणाली, फळीवरचं नऊवारी इरकली काढा, रंग तेवढा जरा गडद बघा.

“घरचंच उचलून दिलं म्हणतील,” मी म्हणालो.

“म्हणू द्या. नेसतील ना पण?”

मी ऐकलं नाही. फुकटचं दिलं, असा शिक्का मला नको होता. शेजारच्या दुकानदारांना दवाखान्याचं कारण सांगितलं आणि चोरासारखी लातूरची एसटी धरली. 

तिथल्या मोठ्या शोरूममधल्या मुलीनं हसून विचारलं, “सर, बजेट काय आहे?” त्या तीन मजल्यांत नेसणार कोण, हे मला एकाही माणसानं विचारलं नाही. आणि मी? मीही सांगितलं नाही. त्यांना दोष देणं सोपं आहे. त्यांच्या डोक्यात गिऱ्हाईक म्हणजे पाकीट, हे मी सभेत ओरडून सांगितलेलंच होतं. पण आजीला मी पाहिलेलं होतं, काष्टा घातलेली, डोक्यावर पदर घट्ट. तरी त्या दिव्यांखाली मला दिसला तो फक्त खोका. मखमल आतून, सोनेरी रिबीन बाहेरून, दागिना असावा असा. आयुष्य कापडात गेलेला मी, खोका बघून साडी घेऊन आलो.

मांडवात बायकोनं खोका पहिल्यांदाच उघडला. घडीला हळदीकुंकवाचं बोट लावताना तिचा हात थबकला. घडीच्या जाडीवरूनच तिला कळलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, पण सगळ्यांचे डोळे तिथंच लागलेले. आता मागं घेणं नव्हतं.

आजीनं साडी मांडीवर घेतली, अंगठ्यानं घडी चाचपली. “ही तर सहावारी हाय,” ती म्हणाली. “दुकानदाराची सोयरीक केली, म्हनलं लुगड्याची तरी ददात न्हाई. पाव्हनं, हे नातसुनंचं माज्याकडं आलं का चुकून?”

मांडव हसला. आमच्यातल्याच कुणी शहाण्यानं खोक्यावरचं नाव वाचून मोठेपणानं सांगून टाकलं की साडी लातूरच्या शोरूममधली आहे. म्हणजे चूक माझी एकट्याची होती तीही बाजारभर झाली. त्याहून वाईट पुढं झालं. त्या घरात माझ्या मुलीचं नावच ‘शोरूम’ पडलं. शोरूम, पाणी आण. शोरूमला भाकरी जमंना. पहिल्यांदा फोनवर सांगताना ती हसली. नंतर नंतर तिनं सांगणं सोडलं, आणि मी विचारणं.

मी साडी परत मागवून घेतली आणि बदलायला लातूरला गेलो. तिथं आधी नंबराची चिठ्ठी घ्यायची, मग खुर्चीत बसायचं. माझ्या दुकानात परत घेऊन आलेल्या बाईला आधी पाणी मिळतं. काउंटरवरच्या पोरानं घडी उलटून पाहिली.

“सर, यावर डाग आहे.”

“डाग नाही. कुंकू आहे.”

“हो सर. म्हणजे डागच.”

आमच्या बाजारातला कुठलाही दुकानदार कुंकवाचं बोट लागलेलं कापड तोंडातून शब्द न काढता परत घेतो. याला मी काय समजावणार होतो? नऊवारी तरी दाखवा म्हणालो. त्यानं उत्साहानं काढून दाखवली ती शिवलेली होती, पायजम्यासारखी चढवायची, नाडीवाली. फोटोला छान दिसते म्हणाला. ऐंशीच्या घरातल्या आजीला नाडीची नऊवारी. मी साडी तशीच घेऊन परत फिरलो.

मग करायचं तेच केलं, जे पहिल्यांदाच करायला हवं होतं. फळीवरची लुगडी गठ्ठ्यात बांधली, घाटनांदूरची जीप पकडली आणि आजीपुढं ओसरीत पसरली. मुलगी दारात उभी होती. आजीनं एकेक पोत चिमटीत धरून पाहिला, दोन बाजूला सारली, एक मांडीवर ठेवलं.

“भाव बोला.”

मी म्हणालो, आजी, मानाचं आहे, भाव कसला.

“भाव न्हाई सांगत म्हंजे हलकं हाय.”

सांगावाच लागला. तिनं घासाघीस सुरू केली, मी खाली आलो, ती आणखी खाली गेली. शेवटी ठरला, आणि दिला मात्र तिनं एक पैसा नाही. पदर खांद्यावर टाकून पाहिला. 

“लई चांगलं हाय,” ती म्हणाली. “मग त्या दिशी हेच कावून न्हाई आनलं?”

“घरचं होतं म्हणून,” मी म्हणालो. खरं तेच होतं.

“घरचं म्हंजे हलकं व्हय? मग गिऱ्हाइकाच्या गळ्यात कसं मारता?”

मी गठ्ठा बांधायला लागलो. त्या भाषणातल्या टाळ्या मला आठवल्या आणि शाल आठवली. शोरूमची साडी बायको नेसत नाही, विकायला मी धजत नाही. ती कपाटात पडून आहे. खोका मात्र आजीनं लग्नातच ठेवून घेतलाय, वाती ठेवायला. कामाचं तेवढंच निघालं.

निघताना आजीनं आत वळून हाक मारली, “ए शोरूम, बापाला च्या टाक. उपाशी जाईल.”

मुलगी हसली. आता त्यात डंख नाही, असं ती म्हणते. चहा प्यायलो. साखर जास्त होती, तरी शेवटच्या घोटापर्यंत.