उभ्या गाडीचं चार्जिंग
सकाळी कुणी थंड स्कूटर सुरू केली आणि पेट्रोलचा तो कच्चा वास आला की मला आमचं शेणवे गावातलं अंगण आठवतं. हे गेल्यावर यांची स्कूटर मी कुणाला विकू दिली नव्हती. रोज सकाळी ती पुसायची, बटण दाबून सुरू करायची आणि चहा उकळेपर्यंत जागच्या जागी चालू ठेवायची. त्यानं बॅटरी चांगली राहते, अशी माझी समजूत. तरी एक दिवस ती नुसती कट-कट करून गप्प झाली. नाक्यावरच्या मेकॅनिकनं किक मारून ती चालू केली, बॅटरीला मीटर लावला आणि तो माझ्याच हातात दिला. आकडा बारा व्होल्टच्या आसपास घुटमळत होता. त्यानं रेस दिली तसा चौदावर गेला. “रोज चालू करते मी!” मी चिडूनच बोलले. “म्हणूनच उतरली, वहिनी,” तो हळू आवाजात म्हणाला. “सेल्फ मारला का बॅटरीतलं जातं. उभ्या गाडीत इंजिन कमावतं ते हेडलाइटच खातो, परत भरत नाय. हिला रस्त्यावर फिरवा.” यांनी मला भातसानगरच्या रस्त्यावर स्कूटर शिकवली होती, पण मी कायम मागेच बसले. त्या दिवशी पुढे बसले. आरसे यांच्या उंचीला लावलेले, मला त्यांत नुसतं आभाळ दिसलं. आता मी रोज शहापूरला तिच्यावरूनच जाते. उजवा आरसा माझ्यापुरता वळवून घेतलाय. डाव्यात अजून आभाळच दिसतं.