आमेनला झालेला उशीर

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबा मला फाट्यापर्यंत पोचवायला आले. माझी ट्रंक त्यांनी सायकलच्या कॅरिअरला बांधली होती आणि ती हलू नये म्हणून मी मागून हात लावून चालत होतो. फाटा दोन किलोमीटरवर होता. एसटी दिसली तेव्हा दोरी सोडता सोडता ते म्हणाले, "रविवार चुकवू नको. बाकी काही चुकलं तर चुकू दे." मी मान हलवली. बसच्या खिडकीतून मागं पाहिलं, तर सायकलवर बसायचं विसरल्यासारखे ते तिथंच उभे होते.

आमचं गाव नेवाशाच्या बाजूचं. गावात पंधरा-वीस ख्रिस्ती घरं आणि एक छोटं चर्च. जुनी माणसं त्याला देऊळच म्हणायची. पाळकसाहेब तालुक्याहून महिन्यातून एकदा यायचे, एरवी रविवारची प्रार्थना बाबा चालवायचे. ते साखर कारखान्यात फिटर होते, पण गावात त्यांना ओळखायचे ते प्रार्थनेमुळं. कुणाचं जनावर आजारी पडो, कुणाच्या पोराची परीक्षा असो, लोक म्हणायचे, "याकोबभाऊला सांगा."

माझी बहीण सुवार्ता माझ्याहून पाच वर्षांनी लहान. गाताना ती कायम सगळ्यांच्या पुढं धावायची आणि बाबा हार्मोनियम वाजवता वाजवता तिच्याकडं डोळे वटारायचे. चौदाव्या वर्षी तिच्या डोक्यात ताप गेला. नगरच्या दवाखान्यात आत एकालाच थांबू देत होते, तिथं आई होती. बाबा मला म्हणाले, "बाहेर बाकावर बसून काय करणार? आपण गावाकडं जाऊन मागू." आम्ही परत आलो. तीन दिवस अख्खी मंडळी चर्चमध्ये बसून होती. मी गुडघ्यांवर होतो. शहाबादी फरशीनं गुडघे काळेनिळे झाले होते आणि मला त्याचं बरं वाटत होतं.

तिसऱ्या दुपारी बाबा मोठ्यानं प्रार्थना करत असताना माझे डोळे आपोआप उघडले. दारात आमच्या शेजारचे गणपतभाऊ उभे होते. चपला बाहेर काढलेल्या, टोपी हातात. बाबांचा मोबाइल प्रार्थनेसाठी बंद होता, म्हणून आईनं दवाखान्यातून गणपतभाऊंना फोन केला होता. ते आमच्या धर्माचे नव्हते, पण प्रार्थना मध्येच तोडायची नसते एवढं त्यांना ठाऊक होतं. ते आमेनची वाट बघत उभे होते. त्यांच्या तोंडाकडं बघूनच मला सगळं कळलं.

मी उठायला हवं होतं. बाबांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मी डोळे घट्ट मिटून घेतले. त्या दिवशी बाबांची प्रार्थना संपता संपेना. आवाज फाटला तरी ते बोलतच राहिले. ते तिच्यासाठी मागत होते आणि ती राहिलेली नव्हती, आणि त्या चाळीसेक माणसांत हे मला एकट्यालाच माहीत होतं.

तीन महिन्यांनी मी चाकणला आलो. आयटीआय झालेलं होतं, ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो. खराबवाडीत पाच जणांत एक खोली. कुणी लातूरचा, कुणी बीडचा, कुणी थेट बिहारचा. एक झोपायचा तेव्हा दुसरा कामावर असायचा, त्यामुळं महिनोन्‌महिने खोलीतल्या एका पोराला मी फक्त झोपलेलंच पाहिलं होतं. आम्हाला सुट्टी गुरुवारी. रविवारी बहुतेक सेकंड शिफ्ट असायची, म्हणजे सकाळ मोकळी. मी त्या सकाळी कपडे धुवायचो. दुपारी कंपनीच्या बसमध्ये बसलो की बाबांचा फोन यायचा.

"गेला होतास?"

"हो, जाऊन आलो."

"वचन कुठलं होतं आज?"

मग मी तोंडाला येईल ते सांगायचो. पुढं पुढं पकडला जाईन म्हणून खोलीतच बायबल उघडून एखादं वचन आधी बघून ठेवायला लागलो. चार वर्षं मी हे केलं. गावाकडच्या माझ्या माणसांनो, तुम्ही मला चांगला म्हणत होतात तेव्हा मी हे करत होतो.

चर्चची पायरी मी चढलो ती एका डब्यामुळं. एका पावसाळ्यात मी तापानं आठवडाभर पडून होतो. पोरं शिफ्टला जायची, यायची, झोपायची, कुणाचाही दोष नव्हता. आमच्या कंपनीच्या स्टोअरला साळवेकाका होते, शेवगावकडचे. माझ्या बोलण्यावरून मी नेवाशाकडचा हे त्यांनी कधीच ओळखलं होतं. तीन दिवस मी दिसलो नाही म्हणून ते पत्ता शोधत खोलीवर आले, मुगाच्या खिचडीचा डबा ठेवला, पाण्याची बाटली भरून उशाशी ठेवली आणि गेले. बरा झाल्यावर डबा परत द्यायचा होता. तोवर त्यांची रिटायरमेंट झाली होती. फोनवर म्हणाले, "रविवारी मोशीला ये. मी तिथंच असतो."

मोशीला टाइल्सच्या दुकानावर एक हॉल आहे, तेच चर्च. मी डबा घेऊन वर गेलो. डबा देऊन निघायचं असं ठरवलं होतं. पण एका बाईनं हातात चहा दिला आणि विचारलं, "कुठल्या गावचा? कुणाचा रे तू?"

चाकणला आल्यापासून मला कुणीही 'कुणाचा' असं विचारलं नव्हतं. गेटवर हजेरीचा पंच नंबर विचारायचे, घरमालक आधार कार्ड मागायचा. मी म्हणालो, "याकोब फिटरचा." त्या बाईच्या नणंदेचं सासर आमच्या शेजारच्या गावातलं निघालं. मी बसलो.

दुसऱ्या रविवारी मी साळवेकाकांना सांगून टाकलं, "काका, मी हे मानत नाही. खोटं कशाला बोलू?"

"तुला कुणी विचारलं का?" ते म्हणाले. "त्या खुर्च्या लाव आधी. माणसं यायला लागली."

त्यानंतर मी क्वचितच रविवार चुकवला. खुर्च्या लावायच्या, माइकची वायर बघायची, उपासना संपली की पोहे वाढायचे. शिल्पाशी माझं लग्नही तिथल्याच एका काकूंनी जमवलं. तिला मी सगळं खरं सांगितलं, फक्त बहीण होती हे सांगितलं नाही. ते लग्नानंतर गावी गेल्यावर तिला भिंतीवरच्या फोटोवरून कळलं. मोशीत तर कुणालाच माहीत नव्हतं.

पण सुवार्ता यायची. एखादं जुनं गाणं सुरू झालं की कुठून तरी एक आवाज सगळ्यांच्या पुढं धावल्याचा भास व्हायचा. वळून बघावं तर चाळिशीतली कुणी बाई. त्याहून वाईट म्हणजे प्रार्थना. सगळे डोळे मिटायचे, आणि माझी नजर दाराकडं जायची. जिन्याच्या तोंडाशी कुणी तरी टोपी हातात घेऊन उभं आहे आणि आमेनची वाट बघतंय, असं मला दर रविवारी वाटायचं. लहान प्रार्थना असली तर निभायचं. लांबली की मी माइकची वायर बघायच्या निमित्तानं उठायचो.

माझी मुलगी झाली तेव्हा आई-बाबा चऱ्होलीला आमच्या फ्लॅटवर आले. रविवारी मी बाबांना मोशीला नेलं. साळवेकाकांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "आज आपल्याकडं पाहुणे आहेत. वडीलधारे आहेत, तेच प्रार्थना करतील."

"माझा घसा बसलाय," बाबा म्हणाले. सकाळपासून नातीला ते अंगाई म्हणत होते, मी ऐकलं होतं.

दुसऱ्या कुणी तरी प्रार्थना सुरू केली. माना खाली गेल्या. मी दाराकडं बघितलं, आणि शेजारी काही तरी जाणवलं म्हणून मान वळवली. बाबांचे डोळे सताड उघडे होते. तेही दाराकडंच बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पूर्ण प्रार्थना आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो.

दुपारी जेवणं झाल्यावर ते गॅलरीत येऊन बसले. समोर नव्या बिल्डिंगचं काम चाललं होतं.

"तू कुणाला बघत होतास रे?" त्यांनी विचारलं.

मी गॅलरीचं दार ओढून घेतलं.

"मी गणपतला बघत होतो," ते म्हणाले. "त्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला तेव्हाच मी बघितलं होतं. आमेन म्हटलं असतं की तो बोलला असता. म्हणून म्हणत राहिलो. देवाशी नव्हतो रे बोलत. नुसता वेळ काढत होतो."

"बाबा, मीही बघितलं होतं."

ते समोरच्या क्रेनकडं बघत म्हणाले, "मला वाटायचं, तेवढं एक तुझ्या डोक्यावर नाही."

"मलाही तुमच्याबद्दल तसंच वाटायचं."

आमचे आवाज अगदी शांत होते. मी विचारलं, "मग इतकी वर्षं प्रार्थना?"

"नुसती म्हणतो. करत नाही. लोकांना लागते."

"मग कशाला जाता?"

"तिला बघितलेली माणसं तिथंच येतात," बाबा म्हणाले. "आणखी कुठं भेटायची?"

बाबांना जाऊन आता दोन वर्षं होतील. मोशीहून अठ्ठावीस माणसं गाडी करून मातीला आली. सकाळी निघून दुपारी पोचली, सोबत सगळ्यांसाठी पुलाव आणि चपात्या करून आणल्या होत्या, आमच्या घरात चूल पेटणार नाही म्हणून. पाळकसाहेबांनी मुलगा म्हणून मला प्रार्थना करायला सांगितलं. मी नाही म्हणालो. सगळं गाव ऐकत होतं. साळवेकाका पुढं झाले आणि त्यांनी केली, अगदी थोडक्यात.

मग माणसं पांगायला लागली तेव्हा ते शेजारच्या कबरीपाशी वाकले. दगडावरचं नाव त्यांनी वाचलं, वय मोजलं. "ही कोण रे?"

मी त्यांना सांगितलं. तापापासून गणपतभाऊंपर्यंत, उभ्या उभ्या. भोवती मोशीची माणसं गोळा झाली, गावाची तर होतीच. मी अडखळलो की गावातलं कुणी तरी पुढचं सांगायचं. ती गाताना कशी धावायची, हे आमच्या चुलतीनं गाऊन दाखवलं. गणपतभाऊ भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "मला वाटायचं, मीच मोठ्यानं हाक मारायला पाहिजे होती." इतकी वर्षं तेही हेच घेऊन फिरत होते.

त्यानंतर मोशीत दार रिकामं झालं, असं मी म्हणणार नाही. अजून कधी कधी तिथं कुणी तरी असतं. पण आता साळवेकाका प्रार्थनेच्या वेळी जिन्याजवळच्या खुर्चीत बसतात, पाठ दाराकडं करून. मी त्यांना तसं बसायला सांगितलेलं नाही.

आई आता आमच्याकडं असते. मागच्या शनिवारी संध्याकाळी ती भाकरी थापत होती. मी म्हणालो, "आई, एक सांगायचं होतं. मी मानत नाही. लहानपणीचं सोड, पण त्या दुपारनंतर कधीच नाही."

तिचा हात थांबला नाही. "ठाव हाय मला. तुझं बाबाबी न्हवतं मानीत."

"त्यांनी सांगितलं होतं तुला?"

"सांगाया कशाला पाहिजे? जन्मभर शेजारी बसत व्हते."

"राग नाही आला?"

"आला की. लई आला. एकटी पडले मी." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं. "मग म्हनलं, मीच मागते समद्यांच्या वाटणीचं. तू फक्त मला तेवढा जिना चढव."

तिचे गुडघे गेले आहेत. दर रविवारी मी तिला धरून एकेक पायरी वर नेतो. मधल्या वळणावर ती दम खायला थांबते, तेव्हा वरून कुणी तरी डोकावतं आणि आत ओरडून सांगतं, "आजी आल्या गं, खुर्ची सरकवा." आई पदर सारखा करते आणि माझा हात घट्ट धरून पुढची पायरी चढते. तुमचं घर कुठं, असं हल्ली कुणी विचारलं की मी चऱ्होलीचा पत्ता देतो, मूळ गाव नेवाशाकडचं म्हणूनही सांगतो. दोन्ही खरं आहे. पण ते सांगत असताना माझ्या कानात वरून आलेली ती हाक असते.