रकाना चारमधली आई

माफ करा, पण लिहायला बसलोय. आमच्या घरात माझ्याआधी कागदावर जे काही उमटलं ते अंगठ्याचं होतं, आणि तेही तंबाखूच्या वखारीतल्या हजेरीपटावर. मी पहिलाच कॉलेजात गेलो, पण तेवढ्यानं आठवणी लिहायचा अधिकार मिळतो असं मला वाटत नाही. त्यातून ज्या प्रकरणाबद्दल लिहितोय, त्यातली मूळ चूक माझीच. नगरपालिकेनं पुढं मोठ्या मनानं ती आपली मानली, एवढंच.

आमचं गाव निपाणीहून बेळगावकडे जाताना लागतं. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी उन्हाळ्यात घरी आलो होतो आणि मला नगरपालिकेत दोन महिन्यांचं तात्पुरतं काम मिळालं होतं. सभेत बोलणं मराठीत व्हायचं, कागद कानडीत जायचे, आणि दोन्ही लिहिता येणारा माणूस रजेवर गेला होता.

पहिल्याच दिवशी हेडक्लार्कनं मला तिथली रीत समजावली. मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून मंजूर करायचं, असा नियम होता. पण कानडीत वाचलं की निम्मे सभासद सभात्याग करायचे आणि मराठीत वाचलं की उरलेले. मग कुणा शहाण्या अध्यक्षानं तोडगा काढला होता: इतिवृत्त वाचायचंच नाही. अध्यक्षांनी वही उचलून दाखवायची, सगळ्यांनी हात वर करायचे, मग चहा. या एका गोष्टीवर गावात कधी भांडण झालं नाही. सीमाप्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या मोठमोठ्या लोकांना हा उपाय कसा सुचला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या उन्हाळ्यात सभेपुढं विषय होता मुख्य चौकाच्या सुशोभनाचा. चौकात पुतळा हवा यावर एकमत होतं. कुणाचा, यावर तीन सभा झाल्या. प्रत्येक थोर पुरुष कुठल्या तरी एकाच बाजूचा निघायचा. शेवटी थकून ठरलं की पुतळा कुणाचाच नको, नुसत्या ‘कष्टकरी स्त्री’चा असावा. कष्टकरी स्त्री कुठल्या बाजूची, हे तोवर कुणी विचारलं नव्हतं.

हायस्कूलचे ड्रॉइंगचे सर मूर्ती घडवणार होते. ते नमुना शोधत वखारीत गेले आणि तंबाखू चाळणाऱ्या पन्नासभर बायकांतून त्यांनी माझ्या आईला निवडलं. का, ते त्यांनाच ठाऊक. चार रविवार ती त्यांच्या अंगणात चाळण धरून बसली. घरी येऊन म्हणाली, “हातात चाळण आणि चाळायचं काय न्हाय. असलं काम पयल्यांदाच केलं बघ.”

आई हसत होती, पण मला तिच्या मनातलं माहीत होतं. त्या चौकात हॉटेलासमोर एक दगडी कट्टा होता. आमच्या गल्लीतलं कुणी त्यावर टेकलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. कुणी मनाई केलेली नव्हती. कुणी बसत नव्हतं, इतकंच. वखारीतून परतताना आई चौक टाळून मागच्या बोळातून यायची.

“चौकात मला हुबं करणार म्हणं,” ती म्हणाली. “बघू तरी, ऱ्हाऊ देतात का.”

सभेत मात्र वेगळीच काळजी होती. पहिला प्रश्न लुगड्याचा.

“काष्टा पाहिजे. आमच्या बायका काष्टा घालतात,” एक सभासद म्हणाले.

“मग आमच्या बायका काय पँट घालतात व्हय?” दुसरे उठले.

काष्टा म्हणजे मराठी आणि गोल नेसणं म्हणजे कानडी, असं धरून दोन सभा गेल्या. मी घरी आईला विचारलं. ती म्हणाली, “वखारीत काष्टा, लग्नाला गोल. मला दोन्हीबी येतंय. त्यास्नी काय येतंय ते इचार.” मी अर्थातच विचारलं नाही. अखेर पुतळा कमरेपर्यंतच करायचा ठरला.

मग दिशा. उत्तरेकडे तोंड केलं तर महाराष्ट्राकडे, दक्षिणेकडे केलं तर बंगळूरकडे. खूप विचारांती आईचं तोंड नगरपालिकेच्या दाराकडे करायचं ठरलं. त्यामुळं तिची पाठ वखारीकडे होणार होती. ते मात्र कुणाला खटकलं नाही. फलकाची भाषा ठरेना म्हणून फलक कोरा ठेवायचा ठराव झाला. माझ्या माहितीत एकमतानं मंजूर झालेला तेवढाच मजकूर.

जनतेचं मत घ्यायला हवं म्हणून जनसंपर्क सप्ताह झाला. सभासद गल्लोगल्ली फिरले, मी वही घेऊन मागं. आमच्या गल्लीत बायकांनी एवढंच विचारलं, “नळ कवा येणार?” बसस्टँडवर ठेवलेल्या सूचनापेटीत अकरा चिठ्ठ्या निघाल्या, नऊ गटारीबद्दल, एक शिवी आणि एक एस.टी.चं जुनं तिकीट. हेडक्लार्कनं सांगितलं, लिही, ‘नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.’ शिवी उत्स्फूर्त होती हे खरंच, म्हणून मी लिहिलं.

एवढ्यात बातमी आली की सार्वजनिक जागेतल्या पुतळ्यांबद्दल राज्यात नवा कायदा येतोय. विधेयकाची प्रत कुणाकडेच नव्हती, म्हणून चर्चा मोकळेपणानं झाली.

“कायदा वाईट हाय,” सभासदांतले एक आप्पा गरजले.

“वाचलासा?”

“वाचायला कशाला पायजे? वरनं आलाय न्हवं?”

निम्म्यांना निषेध करायचा होता, निम्म्यांना स्वागत. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘सभागृहाने विधेयकाचे निषेधासह स्वागत केले.’ वही उचलली गेली, हात वर झाले, चहा आला.

कायदा झाला आणि त्याबरोबर छापील अर्ज आला. रकाना चार: ‘ज्यांचा पुतळा उभारावयाचा त्या व्यक्तीचे पूर्ण नाव.’ मी आधी ‘कष्टकरी स्त्री’ असं भरलं. अर्ज परत आला: नाव लिहा. मी हेडक्लार्ककडे गेलो. ते विड्याचं पान लावत होते. “भर रं कायतरी,” म्हणाले.

इथं माझी चूक झाली. कायतरी भरायला मला जमेना. सरकारी कागद, त्यात खोटं कसं लिहायचं? पुतळा आईला समोर बसवून केलेला, म्हणजे तो आईचा. मी जपून, शाईचा डाग न पाडता तिचं पूर्ण नाव लिहिलं. त्या अर्जाची नक्कल इतिवृत्ताला जोडली. वही उचलली गेली. हात वर झाले.

सुट्टी संपली, मी कॉलेजात परतलो. दिवाळीला घरी आलो तेव्हा वरून उत्तर आलेलं होतं. नव्या कायद्याप्रमाणं हयात व्यक्तीचा पुतळा उभारता येत नाही. सबब, सदर व्यक्ती हयात आहे काय, ते दरवर्षी कळवावे.

मी धावत नगरपालिकेत गेलो, चूक कबूल केली, नाव खोडायची विनंती केली. हेडक्लार्क दुखावले. “सभेनं मंजूर केलेलं नाव हाय ते. खोडायचं तर ठराव पायजे. ठराव करायचा तर आधी वाचावं लागंल.” ती वही वाचायला लागली तर गावात काय होईल, ते आम्हा दोघांनाही दिसत होतं.

तेव्हापासून दर साली नगरपालिकेचा शिपाई आमच्या घरी यायचा. पुतळा तोवर तयार होऊन गोदामात, जंतुनाशक पावडरीच्या पोत्यांशेजारी, डोक्यावरून गोणपाट घेऊन उभा होता. शिपाई दारातून हाक मारायचा, “आक्का, हाईस न्हवं?”

“हाय की. ये, च्या घे.”

तो चहा प्यायचा, कागदावर ‘हयात’ लिहून घ्यायचा, आईचा अंगठा घ्यायचा आणि जायचा. चौथ्या वर्षी मी घरी होतो. त्या दिवशी बशीत चहा ओतताना तो म्हणाला, “लई दिवस लावलास गं आक्का.”

“तुला घाई हाय व्हय?”

“मला कशाची? फाईलला हाय.”

दोघं पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. माझ्या प्रामाणिकपणामुळं आईला चौकात उभं राहायला आधी मरावं लागणार होतं. मी दोन अर्ज केले, एक मराठीत, एक कानडीत. दोन्हींची पोच मिळाली. आई म्हणाली, “जाऊ दे रं. चौकात जाण्यापायी मी काय मरत न्हाय.” पण गोदामाच्या वाटेनं जाताना ती फटीतून आत डोकवायची, हे शिपायानंच मला सांगितलं.

पुढं मला लोंढा जंक्शनच्या पलीकडं एका शाळेत मास्तरकी मिळाली. तिथं टपाल आठवड्यातून दोनदा यायचं, तेही पोस्टमनची सायकल धड असली तर. एका सोमवारी दोन पत्रं एकदम आली. वरचं नगरपालिकेचं, छापील. ‘कै.’ लिहून पुढं माझ्या आईचं नाव, पुतळ्याच्या अनावरणाचं निमंत्रण, तारीख उलटून गेलेली.

मी वर्गातच खाली बसलो. खालचं आंतर्देशीय पत्र होतं, अक्षर शेजारच्या मुलीचं. ते फोडायला मला बराच वेळ लागला. आईनं सांगितलेलं तिनं जसंच्या तसं उतरवलं होतं:

‘काळजी करू नको. मी बरी हाय. हेडक्लार्क रिटायर हुणार म्हणून जाता जाता कागदावर मला मारून गेलं. सभेनं हात वर केलं म्हणं. शिपाई सांगायला आलता, रडत हुता येडा. मी म्हटलं, बस, च्या घे. काल पुतळा बसला. चौकात माणसं लई. मला मान म्हणून सगळी दोन मिनटं गप हुबारली, मीबी हुबारलो. मग साहेबांचं भाषाण लई लांबलं, पाय दुखाय लागलं. म्हणून हॉटेलासमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. शेवटपातूर बसलो. कुणी ऊठ म्हटलं न्हाय.’