मॅडमचा छोटा सेन्सर आणि हंसाच्या गळ्यातली तीन अक्षरं

गेल्या महिन्यात देगलूरजवळच्या एका तळ्यावर माझी चांगलीच जिरली... आणि जिरली ते फार बरं झालं.

मी नांदेडला बँकेत आहे. दिवाळीत हौसेनं फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतला, सोबत शंभर ते चारशे मिलिमीटरची झूम लेन्स. ज्यावर फोटो उमटतो तो सेन्सर जेवढा मोठा तेवढा फोटो भारी, एवढंच डोक्यात पक्कं बसलेलं.

तळ्यावर कांबळे मॅडम भेटल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, थंडीत दर रविवारी पक्षी मोजायला येतात. गळ्यात छोट्या सेन्सरचा जुना कॅमेरा, त्याला तीनशेची लेन्स. खरं सांगतो, तो बघून मी मनातल्या मनात जरा हसलोच.

पलीकडच्या काठावर पट्टकादंब चरत होते... डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे. एकाच्या गळ्यात हिरवी पट्टी दिसली आणि मॅडमचा आवाजच बदलला.

"सर, पक्ष्यांचे अभ्यासक अशी पट्टी घालतेत, तिच्यावर अक्षरं असतेत. वाचता आले तर हा कुठून आला ते कळंल. बारा वर्षं झाले, अशा एका पट्टीची वाट बघून राहिले मी."

मी धडाधड फोटो काढले. मोठे करून पाहिले तर पट्टीच्या जागी नुसते हिरवे ठिपके... मॅडमच्या फोटोत हंस माझ्या फोटोतल्यापेक्षा थोडा मोठा होता, पण अक्षरं त्यांनाही लागेनात. तेवढ्यात काठाकाठानं एक कुत्रं येताना दिसलं. सगळ्या थव्यानं माना वर केल्या.

"सर, तुमची लेन्स काढा. माझ्या कॅमेऱ्याला लावू."

मी गडबडून विचारलं, चांगला कॅमेरा सोडून तुमच्या कॅमेऱ्याला कशाला?

"तुमचा सेन्सर मोठा, तो सगळं तळं घेतो. माझा लहान हाय, मधला तुकडाच घेतो. पण मेगापिक्सेल, म्हंजे फोटोचे ठिपके, दोघांचे सारखेच की! मग माझ्यात हंसाच्या वाट्याला जास्त येतेत का न्हाई?"

कंपनी एकच होती, लेन्स खटकन बसली. चारशेच्या लेन्समधून त्यांच्या कॅमेऱ्यात साधारण सहाशेएवढं जवळ दिसत होतं. मॅडम साडीसकट चिखलात पालथ्या झोपल्या, कोपरं टेकवली, श्वास रोखला... पाच-सहा क्लिक झाले, कुत्रं भुंकलं आणि अख्खा थवा उडाला.

स्क्रीनवर तीन पांढरी अक्षरं. अगदी स्वच्छ!

परतताना मी विचारलं, तुम्ही मोठा कॅमेरा का नाही घेतला? म्हणाल्या, "लग्नात, अंधाऱ्या खोलीत तुमचाच भारी. तिथं माझ्या फोटोत दाणे दाणे येऊन तो खराब दिसतो. पण इतक्या दूरचं बघायला मोठ्या सेन्सरला लेन्सबी तेवढीच जड लागती. माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, अन् मला तळ्याला पूर्ण चक्कर मारायची असती."

मी तीन महिने रिव्ह्यू बघून कॅमेरा ठरवला होता. मॅडमनी पक्षी किती लांब बसतो आणि आपला खांदा किती पेलतो, एवढंच बघून ठरवला होता... मला हे सुचलंच नव्हतं.

त्यांनी फोटो अभ्यासकांना मेल केला. परवा मॅडमचा फोन आला, आवाजात हसू मावत नव्हतं. "सर, आपला पाव्हणा मंगोलियाचा हाय! हिमालय वलांडून आला बघा देगलूरला!"

नंतर त्यांनी तो मेल मला पाठवला. फोटोखाली दोघांची नावं होती... क्लिक त्यांचा, चिखल त्यांचा, बारा वर्षांची वाट त्यांची, तरी माझं नाव आधी लिहिलेलं.

मॅडम, मी फक्त लेन्स काढून दिली होती. त्या सकाळी तुमच्या शेजारी उभं राहायला मिळालं, यासाठी मनापासून आभार.